हेडफोनमधला उशीर

रविवार, ९ मार्च

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इकडे आम्ही बरे. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण जिने चढायची हौस काही जात नाही. तुझी तब्येत कशी आहे?

रेकॉर्डिंगसाठी तू लावून दिलेलं सगळं अजून तसंच आहे. अडगळीची खोली, दाराला टेकवलेली गादी, भिंतीवर तुझ्या अक्षरातली, आवाजाचा उशीर घालवायची यादी. तू गेल्यावर मी ती यादी ओळीने केली, हे तुला खरं वाटणार नाही. बिनतारी हेडफोन काढून वायरवाला लावला. बफरचा आकडा पाचशे बारावरून खाली आणला. कॉम्प्युटर आवाज वाटी वाटीने भरून मग पुढे देतो, वाटी लहान तर उशीर कमी, असं तू समजावलं होतंस ना? चौसष्टवर तडतड यायला लागली. मग मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. तडतड थांबली.

तरी माझं व्हायोलिन हेडफोनमधल्या ठोक्याच्या मागेच.

शेवटी तुझी ती चाचणी केली. हेडफोन माइकला चिकटवून कॉम्प्युटरचा ठोका त्यालाच ऐकवला. उशीर आठ मिलिसेकंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा आठच. खोलीच्या त्या टोकाला कुणी वाजवलं तरी एवढा उशीर होतोच, म्हणायचास तू.

यंत्राचा उशीर सगळीकडे सारखा असतो. माझा तसा नव्हता. संथ सुरांत जवळजवळ नाहीच, जलद जागी भरपूर, आणि तोही दर वेळी वेगळा. करंगळी सगळ्यात मागे.

हे मला जानेवारीत कळलं. आज मार्च आहे.

डिसेंबरातला तो दिवस मी विसरले नाही. ज्यांच्या गाण्यांत मी वाजवायचे आणि तू रेकॉर्डिंग करायचास, ते संगीतकार आपल्या घरी आले, मी वाजवून ठेवलेले तिन्ही तुकडे ऐकले, तिन्ही मागे. त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हटलं, "याने मशीन नीट लावलेलं नाही. कानात आवाजच उशिरा येतो." तू हसत म्हणालास, "ताई, नाचता येईना..." आणि मी तुला पुढचं बोलूच दिलं नाही. "सूर तरी ओळखता येतो का तुला?" त्यांच्या देखत. त्यानंतर त्यांनी तुला काम देणं बंद केलं, हे मला तुझ्या भावोजींकडून कळलं. मी ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिले.

जानेवारीतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी पटपट जुळवायला सांगितलं. उजवा हात चालला. डावा दहाव्या वेळेला अडखळला. "कंपवाताची सुरुवात दिसते. गोळ्यांनी बराच काळ सांभाळता येईल. तुम्ही काही वाजवता का?" मी म्हटलं, "नाही." का म्हटलं, देव जाणे.

भावोजींना यातलं काही ठाऊक नाही. रोज दुपारी मी खोलीत जाते, पंखा बंद, खिडकी बंद. त्यांना वाटतं, माझा सराव चालू आहे. टीव्हीचा आवाज बारीक करून बिचारे पाय न वाजवता वावरतात. मी व्हायोलिन मांडीवर घेऊन बसते, दाराची गादी थोडी सरकवते आणि माझंच जुनं रेकॉर्डिंग मोठ्याने लावते. परवा ते दाराबाहेरून म्हणाले, "आज काय हात लागलाय गं तुझा!" बाहेर यावं तर कोणतं तोंड घेऊन, आणि आत बसावं तर जीव गुदमरतो. स्वतःच लावलेलं दार, रे.

काल मी संगीतकारांना फोन केला. पत्राच्या आधीच केला, नाहीतर लिहून मोकळी झाले असते आणि पुन्हा गप्प बसले असते. म्हटलं, "मशीन ठीक होतं. माझा हात ठीक नाही." ते म्हणाले, "तुमचा भाग दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊ." मी म्हटलं, "घ्या. रेकॉर्डिंग मात्र माझ्या भावाला द्या." म्हणाले, "मी देईन हो. पण तो येईल का?"

ते तूच सांगायचंस.

हे पाकीट टाकून घरी आले की भावोजींना समोर बसवून सगळं सांगणार आहे. तुझी क्षमा मागत नाही. थोरलीने मागितली की धाकट्याला द्यावीच लागते, आणि तेवढी जबरदस्ती पुरे झाली. राग धर, हवा तितका धर. फोन तेवढा उचल.

जिचा हात मागे पडला आणि जीभ पुढे धावली, ती
तुझी ताई