डाव्या डोळ्यातला ठिपका

३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाला निरोगी मुलांचे फोटो हवेत म्हणालीस, म्हणून आमच्या चिमणीचे सहा पाठवतोय. डोळ्यांची डॉक्टर झालीस, तरी घोडं अडलं ते फोटोवाल्या दादापाशीच ना! बाईसाहेब आता दीड वर्षाच्या झाल्या. दाराच्या चौकटीवर धडकतात आणि वर आईलाच रागावतात. तुझी वहिनी म्हणते, धांदरटपणात थेट आत्यावर गेलीय.

गेल्या वर्षी घेतलेल्या फ्लॅशने मात्र वीट आणलाय. दर फोटोत पोरीच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका! गिऱ्हाइकांना देतो तसेच तुलाही नीट करून दिलेत. बारीक कुंचला, काळी शाई, काम फत्ते. कुठे हात फिरवलाय ते ओळखून दाखव, मानलं तुला.

लोभ आहेच, खोड्याही चालू ठेव.
तुझा दादा

७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. ‘पोरीला घेऊन ताबडतोब ये’ एवढंच तिच्यात मावलं. काल पाकीट आलं तेव्हा फोटो लगेच ‘निरोगी’च्या खणात टाकले आणि पत्र चवीने वाचायचं म्हणून आजच्या चहासाठी ठेवलं. वाचलं आणि चहा तसाच टाकून तारघराकडे धावले.

दादा, तो ठिपका फ्लॅशचा नाही रे! एकाच डोळ्यात, दर वेळी पांढरं दिसतं म्हणजे आत गाठ असू शकते. चौकटीवर धडकते ती बहुतेक त्या बाजूचं दिसत नाही म्हणून. दोन वर्षं मी लोकांच्या पोरांच्या फोटोंत हाच ठिपका शोधतेय, आणि माझ्याच भाचीला मी निरोगी ठरवलं.

रागावले नाहीये, घाबरलेय. निगेटिव्ह घेऊन ये. फोटोंना आता शाई लावू नकोस.

वहिनीला धीर दे, स्वतःलाही सांभाळ.
तुझी ठकी

२ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

घरी पोचलो. डोळा काढावा लागला पण जीव वाचला, असं तुमचे मोठे डॉक्टर म्हणाले, तेच वाटभर घोकत आलो. मायलेकी तुझ्याकडे आहेत म्हणून जरा निर्धास्त आहे. चिमणीला पट्टी ओढू देऊ नकोस.

जुन्या निगेटिव्हमध्ये पहिला ठिपका सापडला तो तिच्या सहाव्या महिन्यातला. वर्षभर मी तो माझ्या हाताने पुसत होतो, ठके! आधी आणलं असतं तर डोळा राहिला असता का, असं विचारलं तेव्हा सांगता येत नाही म्हणालीस. खोटं बोलताना तू लहानपणापासून वेणीचं टोक ओढतेस, तेव्हाही ओढत होतीस.

इथे आल्यावर चैन पडेना. दुकानातली सगळ्या लहान मुलांची पाकिटं काढली आणि दोन दिवस भिंग घेऊन बसलो. आज सकाळी एक सापडलं. आपल्या शिंप्याची नात, उजवा डोळा, तिन्ही निगेटिव्हमध्ये तोच ठिपका. तारीख तुझी तार आली त्याच्या आदल्या दिवसाची. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘डोळा दुरुस्त केला.’

हे पत्र पेटीत टाकून तिकडेच निघालोय. कोणत्या तोंडाने सांगू ते सुचत नाही, पण उद्याच्या गाडीने त्यांना घेऊन येतो. तुला तारही करतोय, मोठ्या डॉक्टरांना थांबवून ठेव.

माया असू दे. आजवर कधी मागितली नव्हती.
तुझा दादा