हवा धरली होती

प्रिय मानसी,

सप्रेम जयभीम.

…आणि तू नळाखालची भरलेली कळशी उचलून पडवीत आणलीस, आणि ठेवता ठेवता ती तुझ्या हातून निसटली. मे महिन्यातली ती सकाळ मला सारखी आठवते. मी उठायच्या आत तू अंगण झाडलं होतंस, न्हाणीची चूल पेटवली होतीस, खळ्यात वाळत घातलेली सुपारी खालीवर केली होतीस आणि भाकरीचं पीठही परातीत काढलं होतंस. ऊन पायरीपर्यंत आलं आणि सासूबाई अजून अंथरुणात! कळशी वाजली तशी मी उठून बसले. तू जीभ चावलीस आणि म्हणालीस, आई, झोपमोड केली ना मी तुमची, किती दिवसांनी एवढ्या गाढ झोपला होतात. मी तशीच उठून आतल्या खोलीत गेले. तुला वाटलं, नातीचं, मृणालीचं पांघरूण सारखं करायला गेले असेन. मग बाहेर येऊन तुझ्या हातचा चहा प्यायले. पण पोरी, मला कळशीने जाग आली नव्हती. कळशी पडायच्या आधीच माझे डोळे उघडले होते. त्याचं काय ते पुढे सांगते. आधी इकडचं ऐक.

फोनवर हे सगळं का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि प्रथमेश, माझाच लेक, मधेच बोलून सगळ्याची थट्टा करतो. म्हणून लिहायला बसले. मी शाळेत फार गेले नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून वाचायला शिकले, तेव्हा अक्षर गोड मानून घे. वाडीत सुपारी उतरवायला सुरुवात झाली आहे. विहारातल्या कपाटातली पुस्तकं माझी जवळजवळ सगळी वाचून झाली. आता पुन्हा पहिल्या फळीपासून सुरुवात केली आहे. झोप नसलेल्या माणसाला दोन गोष्टी भरपूर मिळतात, एक वेळ आणि दुसरे सल्ले. जायफळ उगाळून दुधातून घेऊन झालं. तळपायांना काशाच्या वाटीने तेल घासून झालं. आळीतल्या कमळवहिनीने तिच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी दिली, तीही मी घ्यायला लागले. त्याने झोप यायची नाही, नुसतं डोकं जड व्हायचं. एक दिवस दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी समोर उभी, आणि दूध जळून काळं झालं तरी मला पत्ता नाही. वास गेला शेजारी अतियाभाभीकडे. ती धावत आली, गॅस बंद केला आणि मला बोलली ते बोललीच. रखमाबाय, तू काय घुबड हायस का, रात्रभर जागतेस आणि दिवसा उभ्या उभ्या झोपतेस, चल माझ्या महनूरकडे. महनूर म्हणजे तिची पुतणी. डॉक्टर झाली आहे, झोपेच्या आजारांचंच शिकली आहे, आणि आठवड्यातून एकदा श्रीवर्धनला येऊन बसते. मी म्हटलं, झोपेला कधी डॉक्टर असतो का? भाभी म्हणाली, दाताला असतो, केसाला असतो, झोपेने काय पाप केलंय?

पण डॉक्टरचं सांगण्याआधी तुला तुझ्या सासऱ्यांचं सांगायला हवं. तू त्यांना पाहिलं नाहीस. भिंतीवरच्या फोटोत ते फार गंभीर दिसतात. तसे अजिबात नव्हते. गावच्या पाणीपुरवठ्यावर ते पंप चालवायचे, हे तुला माहीत आहे. पण त्यांचं घोरणं किती मोठं होतं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी घाबरून कानात कापूस घातला होता. सगळी आळी म्हणायची, भागोजीचा दिवसा गावाचा पंप आणि रात्री घरचा पंप. ते स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचे. घोरतो तो सुखी माणूस, असंच आपल्याकडे समजतात. मधेच त्यांचं घोरणं एकदम थांबायचं. सगळं चिडीचूप. मी वाट बघायची, मग खांद्याला धरून हलवायची. मोठा आचका देऊन श्वास यायचा, ते कूस बदलायचे आणि पंप पुन्हा सुरू. सकाळी सांगितलं तर म्हणायचे, काही न्हाय गं, पंपाने हवा धरली होती. पाण्याच्या पंपात हवा शिरली की तो पाणी ओढत नाही, नुसता गुरगुरतो, तसं. आमच्या घरात तो शब्दच होऊन बसला. आज किती वेळा हवा धरली, असं मी विचारायची आणि प्रथमेश लहानपणी खिदळायचा. एखाद्या गोष्टीला गमतीचं नाव दिलं की ती आजार असेल असं कोणाच्या मनात येत नाही.

ड्युटीवर ते खुर्चीत डुलकी काढायचे. मी रागवायची, साहेबांनी पाहिलं तर? तर म्हणायचे, अगं, पंप चालू हाय तोवर झोप, बंद पडला की आपोआप जाग येते. पंपवाल्याचा कानच तसा असतो. आणि खरंच, वीज गेली, आवाज थांबला, की त्याच क्षणी ते उभे राहायचे. तोच कान त्यांनी मलाही दिला, हे मला फार उशिरा कळलं.

ते गेले ते त्याच खुर्चीत, एका रात्रपाळीला. सकाळी लोकांना दिसलं की टाकी भरून वाहते आहे, पाणी रस्त्यावरून उताराला लागलं आहे, आणि कोणी पंप बंद करत नाही. म्हणून माणसं वर गेली. पंप उत्तम चालू होता. सगळे म्हणाले, झोपेत गेले, पुण्यवान माणूस. मीही तेच म्हणत आले, तेवढाच धीर. पण एवढं मला नेहमी वाटत राहिलं की तिथे खांद्याला धरून हलवायला कोणी नव्हतं. माझी झोप गेली तीही तेव्हापासूनच.

तर महनूर. वयाने तुझ्याएवढीच असेल, पण आवाज शांत. मला मावशी म्हणते. तिने कमळवहिनीची गोळी हळूहळू सोडवली. दुपारी आडवं व्हायचं नाही, संध्याकाळनंतर चहा नाही, अंथरुणात वाचायचं नाही, झोप डोळ्यावर आल्याशिवाय पाठ टेकायची नाही, आणि रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. म्हणजे बघ, झोप येत नाही म्हणून गेले, तर ही म्हणते कमी झोपा! आधी मला हसू आलं. पण खरं सांगते, फरक पडतो आहे. आता मी पुस्तक घेऊन पडवीत बसते आणि पापण्या जड झाल्या की मगच आत जाते. रोज नाही, पण अधूनमधून सलग झोप लागते.

काल दुसऱ्यांदा गेले होते. तिने विचारलं, मावशी, एवढ्या वर्षांत कधी एखादी रात्र अगदी पूर्वीसारखी झोप लागली होती का? मी म्हटलं, लागली होती की. मे महिन्यात मुलगा आणि सून आले होते तेव्हा. सून माझ्याजवळ पडवीत झोपायची. म्हणायची, आई, तुमच्या लेकाचा पंप मला सहन होत नाही. आतून तो आवाज यायला लागला आणि मी अशी झोपले, अशी झोपले, की उन्हं आली तरी पत्ता नाही. हे सांगताना मला तुझा चेहरा आठवून हसू येत होतं. महनूर हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग जाग कशाने आली?

मानसी, तो आवाज थांबला म्हणून मला जाग आली. प्रथमेशने हवा धरली होती. मी आत गेले ते मृणालीसाठी नाही. त्याच्या खांद्याला धरून हलवलं, त्याने तसाच आचका दिला, कूस बदलली, आणि आवाज पुन्हा सुरू झाला. मला बरंच वाटलं गं. बापाचा आवाज घरात परत आला, असं वाटलं. त्या आवाजावर मी चार रात्री पोटभर झोपले, आणि तुम्ही कळंबोलीला परत गेलात तेव्हा सगळ्यात जास्त आठवण मला त्या घोरण्याची आली.

महनूरने मग माझं काही विचारलंच नाही, सगळं त्याचंच विचारलं. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का? दिवसा पेंग येते का? मला तू फोनवर हसत सांगितलेलं आठवलं, की कंपनीतून येताना सिग्नलला मोटरसायकलवर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून उठवलं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मावशी, हे सुखाचं घोरणं नाही. झोपेत श्वास अडतो, त्याला आजार म्हणतात, त्याची तपासणी असते आणि त्याला उपायही आहे. तुझ्या सासऱ्यांचं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांचं नक्की काय झालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मुलाचं मात्र सांगता येईल. उपाय काय, तर उशाशी एक लहान यंत्र ठेवायचं, ते रात्रभर नळीतून हवा देत राहतं. मी विचारलं, म्हणजे पंपच ना? तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हो मावशी, पंपच.

आता तुझ्यासाठी. तू बाहेरच्या खोलीत झोपतेस, ते काही दिवस बंद कर. त्रास होईल, माहीत आहे. आवाज थांबला की त्याला खांद्याला धरून हलव, हाक मारून उठत नाही तो. तुझ्या मोबाइलमध्ये ते घोरणं आणि ते थांबणं भरून ठेव आणि त्यालाच ऐकव. माझं तो ऐकणार नाही, म्हणेल आईला काहीतरी वाचून खूळ लागलंय. स्वतःचा थांबलेला श्वास ऐकल्यावर हसता येत नाही माणसाला. आणि तपासणी होईपर्यंत मोटरसायकलची चावी तुझ्याकडे ठेव. भांडला तर भांडू दे. सांग, आईने ठेवायला सांगितली आहे.

महनूरने पनवेलच्या एका डॉक्टरांना फोन करून पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. एक रात्र तिथे अंगाला तारा लावून झोपायचं असतं, आणि सोबत घरचं एक माणूस लागतं. तू मृणालीला सोडून कशी येशील? मी आहे ना. रात्रभर जागून दुसऱ्याचा श्वास ऐकणं, एवढं एक काम मला चांगलं येतं. महनूर म्हणाली, तेवढी एक रात्र तुम्हाला माफ. तो पंप एकदा उशाशी सुरू झाला, की माझंही जागं राहायचं कारण संपेल, असं मला वाटतं. वाटतं एवढंच. तुला खोटं कशाला सांगू?

हे सगळं कालचं. आज सकाळी ठरल्या वेळी उठले, अंगण झाडलं, पाणी भरलं, आणि डेपोत जाऊन पनवेलच्या गाडीचं तिकीट काढलं.

तुझीच,
आई