अप्पांच्या जागी गाऱ्हाणं

मसुरे,
१२ डिसेंबर १९८५

प्रिय लते,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, अप्पा अजून आहेत. मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तुला कळवलं नाही, कारण तू फ्रान्सिसशी लग्न केलंस त्या दिवशी ‘माका ती मेली’ असं अप्पा म्हणाले, आणि त्यानंतर या घरात तुझं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा, देवाला न भिणारा तुझा भाई बापाला मात्र भ्यायला. शिव्या दे हव्या तर.

परवा आपल्या देवळाची जत्रा झाली. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. अप्पांना बोलता येत नाही, म्हणून ते माझ्यावर आलं. मी साफ नाही म्हटलं. लहानपणी सगळे देवापुढे डोळे मिटायचे तेव्हा आपण दोघं उघडे ठेवून एकमेकांना वेडावायचो ना, मी अजून तसाच आहे. पण देवळाचा गुरव भिकाजी म्हणाला, “मास्तरानू, तुमचो इश्वास कोण इचारता? घराघरात काय दुखता ता आधी इचारून येवा.”

मग आठ दिवस शाळा सुटल्यावर दारोदार हिंडलो. अप्पाही दर वर्षी असेच हिंडायचे, आणि मी समजायचो, म्हातारा फुकटचा चहा पीत फिरतो. लते, काय काय ऐकलं म्हणून सांगू! शेवंतीकाकीच्या मुलाचं दुबईहून चार महिने पत्र नाही. बाबलीच्या सुनेचं मूल पोटातच गेलं, तिसऱ्यांदा. ज्याच्याशी बांधावरून आपला कोर्टात दावा चालू आहे त्या गुणाजीची दृष्टी जात चाललीय. तो म्हणाला, अप्पा माझ्यासाठीही दर वर्षी मागायचे, दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख असली तरी. चाळीस वर्षं याच गावात राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अप्पांच्या पोटात मात्र सगळं गाव होतं. मी थक्क झालो.

जत्रेच्या सकाळी अप्पांना खुर्चीत बसवून देवळात नेलं आणि मी देवापुढे उभा राहिलो. समोर पाषाण होता आणि मला तो पाषाणच दिसला, खोटं कशाला सांगू. पण एकेका घराचं दुखणं बोलू लागलो आणि प्रत्येक दुखण्यावर दोनशे माणसं एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागली, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. शेवंतीकाकीच्या पोरासाठी बाबली घसा फोडून ओरडत होता, गुणाजीच्या डोळ्यांसाठी मी. याला काय म्हणतात ते माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही, आणि देव म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण मन इतकं भरलेलं आणि इतकं निवांत मी जन्मात अनुभवलं नव्हतं.

शेवटी आपलं घर आलं. अप्पांसाठी मागून थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं, “आणि आमची लता म्हापशाक आसा. तिका, तिच्या घोवाक सुखी ठेव. तिची वाट घराकडे वळव रे म्हाराजा.”

कुणी ‘व्हय’ म्हणेना. सगळे अप्पांकडे बघू लागले. खुर्चीतल्या अप्पांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला, गळ्याची शीर ताठ झाली आणि एक घोगरा आवाज फुटला. शब्द नव्हता तो. पण सात महिन्यांतला पहिला आवाज होता, आणि डावा हात वर गेला होता. मग सगळं देऊळ एकदम दुमदुमलं. मास्तर असून भर जत्रेत मी पोरासारखा रडलो.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल. गावातली माणसं म्हणतात, काळजी नको, गाऱ्हाणं देवाला पोचलंय, तो बघेल. त्यांचं बरं आहे. माझा विश्वास नाही, त्यामुळे मला त्याच्यावर सोपवून स्वस्थ बसता येत नाही. म्हणून तेच गाऱ्हाणं तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. फ्रान्सिसला घेऊन ये.

तुझाच भित्रा भाऊ,
परशुराम