आधी आवाज, मग ओठ

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तू आणि जावईबापू मजेत असाल. थंडी ओसरत आली आहे, गुडघे मात्र अजून कुरकुरतात.

परवा फोनवर मी तुला हलका ब्राउझर कुठला असं विचारलं आणि तू हसत सुटलीस. "बाबा, तुम्हाला कशाला ब्राउझर?" मग म्हणालीस, "आईला द्या जरा." तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली. म्हणून पत्रच लिहितोय. पत्रात मधे कुणी बोलत नाही.

तुझ्या खोलीतला तुझा कॉलेजातला कॉम्प्युटर मी बाहेरच्या खोलीत आणून लावला. पोरी, तू त्या यंत्रावर अभ्यास करत होतीस की जेवत होतीस? की-बोर्ड उलटा करून आपटला तर बिस्किटांचा चुरा, केसांचं गुंतवळ, कापलेलं नख आणि एक वाळलेली माशी पडली. एका बटणावर गुलाबी नेलपेंट थापलेलं. मी दातांच्या दवाखान्यात जन्मभर परक्यांच्या कवळ्या हाताळल्या. दातांत अडकलेलं कोरून काढलं, कवळ्या घासल्या, बसवून दिल्या आणि हात धुऊन त्याच टेबलावर डबा खाल्ला. कधी काही वाटलं नाही. पण तुझ्या की-बोर्डची किळस आली.

असो. पुसून काढला. आता त्याच्या आतल्या घाणीबद्दल.

तू टाकून गेलेला ब्राउझर उघडायला बसलं की तो उघडेपर्यंत माझी दाढी होते. एक पान उघडलं की पंखा घरघरायला लागतो, दुसरं उघडलं की सगळंच गोठतं. मग एका ठिकाणी वाचून दुसरा घेतला. हा म्हणे पिसासारखा हलका. उघडला तर राशिभविष्य, हवामान, कुठल्याशा नटीचा घटस्फोट, पोट कमी करायच्या गोळ्या! मी यातलं एक तरी मागितलं होतं का? वर दर पाच मिनिटांनी लाडीगोडी, "मला तुमचा मुख्य ब्राउझर करा." लग्नाच्या मांडवात शिरलेल्या आगंतुकासारखा. त्याला घालवायला अख्खी दुपार गेली, आणि जाताना "तुम्ही का सोडून चाललात?" म्हणून कारण विचारतो. निर्लज्ज!

तिसरा खरंच हलका निघाला. इतका हलका, की त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. मला एका पानावरचे व्हिडिओ बघायचे असतात. त्यात एक बाई बोलते. कुठली बाई म्हणून विचारू नकोस, चांगली सभ्य बाई आहे. पण आपल्या कॉम्प्युटरवर तिचा आवाज आधी येतो आणि ओठ मागाहून हलतात. ते चालणार नाही. ओठ आणि आवाज बरोबरच हवेत.

नवीन घ्या असं सांगू नकोस. ते ऐकून आलोय. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. पाय टेबलावर, कानात वायर. म्हणाला, "काका, यात आता काही राम नाही राहिला. टाकून द्या. किती दिवस ओढत बसणार?" मला त्याचा असा संताप आला की यंत्र उचलून तसाच घरी आलो. वाटेत दोनदा टेकावं लागलं. संतापण्यासारखं तो काय बोलला होता ते आता मलाही सांगता येणार नाही.

तू या धंद्यात आहेस. नीट विचार करून एकच नाव सांग. पत्रानंच कळव, फोनवर मला ऐकू कमी येतं.

आई बरी आहे. घसा बसलाय तिचा, म्हणून फोनवर येत नाही.

तुझा,
बाबा


दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. ब्राउझरचं नाव, तो कसा उतरवून घ्यायचा, जुने कसे उपटून टाकायचे, कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण आपसूक जागं होतं आणि त्यांना कसं निजवायचं, सगळं तू अडाण्याला समजावं तसं लिहिलंस. आणि अगदी तळाला एकच ओळ, "बाबा, आईचा घसा एवढे दिवस कसा बसतो?"

तुला फसवणं मला कधी जमलं नाही. आता सांगतो. आधी बसून घे.

डिसेंबर संपता संपता एका सकाळी आई तिच्या एसटी डेपोतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी आत दाढी करत होतो. बोलता बोलता तिचं वाक्य अर्ध्यात थांबलं आणि फोन पडल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर ती खुर्चीतच होती, पण एका बाजूला कलंडलेली, आणि माझ्याकडे असं बघत होती जणू मी तिचं काहीतरी हिसकावून घेतलंय. मेंदूत गुठळी झाली होती. वेळेवर नेलं असं डॉक्टर म्हणाले. उजवा पाय बराच सुधारलाय, घरातल्या घरात चालते. हातही हलतो. शब्द मात्र परतले नाहीत. तिला समजतं सगळं. बोलायला जाते आणि घशातून भलतंच काही निघतं.

इस्पितळातच मी तुला फोन लावायला घेतला होता. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही. जिनं माइकवर "गाडी सुटत आहे" म्हटलं की अख्खा डेपो धावत सुटायचा, तिला आपला आताचा आवाज लेकीच्या कानावर पडायला नको होता. मी ऐकलं तिचं. पण सगळं तिच्यावर ढकलू नये. तू आली असतीस तर मला बघितलं असतंस, आणि मलाही ते नको होतं. का, ते सांगतो.

व्हिडिओतली ती बाई म्हणजे तिची शिक्षिका. इस्पितळातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी ते पान दिलं. पडद्यावर चित्र येतं, मग ती बाई तोंड मोठं करून शब्द म्हणते, आणि तिच्या ओठांकडे बघून आईनं म्हणायचं. रोज सकाळी, न चुकता. आईचा फोन त्या दिवशीच फुटला, माझा बटणांचा. राहिला तुझा कॉम्प्युटर. त्यावर "पाणी" ऐकू यायचं तेव्हा बाईचे ओठ मिटलेले, आणि आई "प" जुळवायला जायची तोवर बाईचे ओठ तिसरंच काही करत असायचे. आई गोंधळायची. एकदा तर तिनं टेबलावर अशी मूठ आपटली की कप उडाला. तिला वाटायचं, चूक तिचीच. मी कितीही सांगितलं, "अगं, यंत्र मंद आहे, तू नाहीस," तरी पटायचं नाही.

तू सांगितलेला ब्राउझर मंगळवारी घातला. बाकी सगळ्यांना निजवलं. पान उघडलं, पंखा गप्प. बाई म्हणाली, "पाणी." ओठ आणि आवाज एकदम! आई खुर्चीत पुढे सरकली. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून तिनं "प... प..." केलं.

आणि तेवढ्यात पानाच्या कडेला जाहिरात उगवली. सडक्या, पिवळ्या पडलेल्या पायाच्या नखांची. एवढी मोठी, आणि हलणारी. मी ती बंद करायला फुली शोधतोय, तर शेजारून आवाज आला.

"शी!"

भिंगरी, इतकं स्पष्ट! डेपोत कुणी भिंतीवर थुंकला की काचेआडून म्हणायची ना, तसंच. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मी म्हणालो, "काय म्हणालीस?" तर नखांकडे बोट दाखवून पुन्हा, "शी!" आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. तिचं हसू एका बाजूलाच येतं आता. ती जाहिरात मी दिवसभर बंद केली नाही.

इथं पत्र संपवता आलं असतं.

संध्याकाळी मी तिला सूप भरवत होतो. हात हलतो, पण चमचा तोंडापर्यंत पोचत नाही अजून. ओठांची उजवी बाजू नीट मिटत नाही, त्यामुळे सूप ओघळतं, त्याबरोबर लाळ, तार धरून हनुवटीवरून मानेपर्यंत. मी पुसतो. पहिल्या दिवसापासून मीच पुसतो. पण बघत नाही. फडका तोंडाकडे आणि नजर खिडकीकडे. मला किळस येते. परक्यांच्या तोंडातनं निघालेलं हातात घेऊन पोट भरलं मी, आणि ज्या तोंडाशी संसार केला त्याची मला किळस येते. कवळी नुसती कवळी असते, तिला डोळे नसतात. असं मी स्वतःला समजावत होतो. तिला कळत नाही, असंही समजावत होतो.

तर मी खिडकीकडे बघत फडका पुढे केला. तिनं माझा हात बाजूला सारला. मला वाटलं, पोट भरलं असेल. वळून बघितलं तर तिनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं होतं.

"शी," ती म्हणाली. हळू. ओठ आणि आवाज अगदी एकदम.

आमच्या दोघांतल्या ज्याला बोलता येतं, त्याला बोलता येईना. मग मी फडका खाली ठेवला, खुर्ची ओढून तिच्या समोर बसलो आणि हातानंच तिची हनुवटी पुसली. तिच्या डोळ्यांत बघून. तिनं तोंड फिरवलं, तर मी वाट बघितली. राहिलेलं सूप तिच्याच चमच्यानं एक घोट तिनं, एक घोट मी, असं संपवलं. थंडगार झालं होतं आणि मीठ विसरलो होतो. काही झकास वाटलं असं सांगणार नाही. अजूनही किळस येते. पण आता बघतो. बघता बघता कमी होईल, न झाली तरी बघीन.

काल तिला विचारलं, "भिंगरीला कळवू?" तिनं मान डोलावली. हो.

तेव्हा ये. रजा मिळेल तेव्हा नको, लगेच ये. दारात रडलीस तरी चालेल, तिला चालेल. फक्त तोंड चुकवू नकोस. तुझी आई आता शब्दांपेक्षा चेहरेच जास्त वाचते.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. किळसेचं आलं तिथं मी थांबलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पुढे वाच अशी खूण केली.

खाली जी वाकडी रेघ आहे ती शाई सांडल्याची नाही. डाव्या हातानं केलेली तिची सही आहे. माझ्या नावाच्या वर करायची म्हणून तिनं मला सही थांबवायला लावली.

आई

आणि तिच्या खाली,
बाबा