बंदीतल्या मुलाखती

९ जुलै
दिवसभर सातपाटीत. मासेमारीची पावसाळी बंदी, होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. तीन मुलाखती झाल्या. कुंदाकाकी बोंबील सुकवून विकतात. प्रबंधासाठी सर्वांत आधी त्याच बोलल्या होत्या. आज मला घरोघरी स्वतः घेऊन गेल्या. "हा आमचा डॉक्टर हाय. सुई नाय, नुसते प्रश्न टोचतो." सगळ्या हसल्या. मीही. दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. किती दिवसांनी कुणासोबत.

११ जुलै
बोईसर. कुणाशी बोललो नाही. खोलीत खाट एकच. रामसुरत रात्रपाळीला जातो तेव्हा मी आडवा होतो, तो परत येतो तेव्हा मी उठतो. गादी ऊबदार मिळते, एवढीच भेट.

२२ जुलै
तिसरं प्रकरण मार्गदर्शक मॅडमना पाठवलं. 'मासेमार बायकांचे श्रम आणि वेळ.' निष्कर्ष: दुपार मोकळी असते, शेजारणी एकत्र बसतात, पुरुष घरकामात हात लावतात. सगळ्यांची उत्तरं इतकी जुळली की स्वतःवर खूश झालो. ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासलं. नववीत शाळा सुटून पुढे बाहेरून शिकलेल्या माणसाने लिहिलंय असं कुणाला वाटू नये.

५ ऑगस्ट
मॅडमचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत. 
"या मुलाखती कधी घेतल्यास?"
जून, जुलै.
"तेव्हा तिथे बोटी बंद असतात ना?"
हो.
"म्हणजे मे महिन्यात मास्तरांच्या घरी गेलास आणि विचारलंस, शाळेत काम किती असतं?"
हसल्या नाहीत. प्रकरण परत. हंगामात पुन्हा मुलाखती घ्यायच्या. नोव्हेंबरात समितीपुढे प्रगती अहवाल. तोवर हे प्रकरण उभं राहिलं नाही तर नोंदणीला मुदतवाढ मिळणं कठीण. हे सगळं शांतपणे सांगितलं, त्यानेच जास्त...
पुरुष घरकामात हात लावतात! समुद्रावर जाता येत नव्हतं म्हणून घरी होते. कसं दिसलं नाही मला? लोक बोलत होते, बस म्हणत होते, वाढत होते. मला तेवढंच दिसलं.

६ ऑगस्ट
आईचा फोन. "झाला का रे डॉक्टर?" होतोय म्हणालो.
रामसुरत मोजे घालताना, "क्या हुआ भाई, फेल?"
"फेल नहीं."
"तो खाना खा ले."
गेला. वरण झाकून ठेवलं होतं माझ्यासाठी.

२७ ऑगस्ट
बंदरावर. बोटी लागत होत्या, लिलावाची ओरड. कुंदाकाकी टोपली घेऊन पुढे घुसल्या. हाक मारली. "आज नाय रे बाला." मान वर केली नाही. जुलैत बोललेल्या तिघींच्या दारांना कुलूप.

१४ सप्टें.
पुन्हा तेच. जिथे जेवलो त्या ओट्यावर थोडा वेळ बसलो. कुत्रं आलं, वास घेऊन गेलं. तेव्हा मला बोलावत होते की नुसता वेळ जात नव्हता त्यांचा? हा प्रश्न प्रबंधाचा नाही. तरी लिहून ठेवतो.

२८ ऑक्टो.
बोंबील सुरू. काकी सकाळपासून वलांडीपाशी (आडव्या बांबूंची मांडणी, मासळी सुकवायची). मी वही उघडली.
"तोंड चालवतोस तर हात पन चालव."
टोपली माझ्याकडे सरकवली. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. माझ्या जोड्या सुटून वाळूत.
पलीकडून एक बाई, "कुंदे, डॉक्टरचं लगीन जमेना गो!"
"त्याला आदी आंघोळ घाला, मग जमंल."
जुलैनंतर पहिल्यांदा हसलो. वही बंदच राहिली. हात ओले.
काकींनी उभ्याउभ्या भाकरी खाल्ली. मला जेव म्हणाल्या नाहीत. लक्षातच आलं नसावं.

२९ ऑक्टो.
रामसुरत: "भाई, गद्दे में मछली सोई थी क्या?"

२१ नोव्हें.
परवा समिती. हंगामात चारपाचदा जाऊन बोंबील टाकले. आता जोड्या सुटत नाहीत. मुलाखत एकही नाही. मॅडमना कळवलं. "मग आहे काय तुझ्याकडे?" 
आज शेवटचं विचारलं. काकी, रविवारी एक तासभर बसाल?
त्या बोंबील टाकतच होत्या. "आता कुटं बसू? जूनात ये ना. तेवा कसं निवांत बोलू आपन. जेवायलाच ये."
मनापासून म्हणाल्या. जूनपर्यंत माझी नोंदणी असेल की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. सांगितलं नाही. येतो म्हणालो.
परत येऊन अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: 'आधीच्या सर्व मुलाखती बंदीच्या काळातील आहेत.' शुद्ध आहे. दुसरं अजून नाही.
रामसुरत उठला, डबा घेतला. खाट मोकळी झाली. हाताचा वास गेलेला नाही.