आधी आग सांगावी

बाबा, आज खदानीचा वरचा काठ ढासळला, आणि खाली कुणी नव्हतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. बाग गावाच्या वाटेवरच्या ज्या खदानीत तुम्ही फोरमन होतात, तिथं आता सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. ते तुम्ही पाहायला हवं होतं. सकाळी काठावर भेग दिसली. खालच्या बेंचच्या पायरीवर पोकलेन चालू, ड्रिलवाली माणसं कामात. आमचा सुपरवायझर भला माणूस, पक्का माळव्यातला. वायरलेसवर त्यानं आधी विचारपूस केली, "काईं भिया, चाय-वाय हो गई? फुरसत मिले तो ज़रा ऊपर की साइड देख लेना, थोड़ी गड़बड़ जैसी लग रही है." खालून उत्तर आलं, "हओ भिया, देखते हैं." पोकलेन चालूच. आपल्याकडे कुणाला थेट सांगणं म्हणजे उद्धटपणा, मग डोक्यावर दरड का असेना! मी त्याच्या हातातून सेट हिसकावला. "नीचे की बेंच खाली करो. अभी. मशीन वहीं छोड़ो, ढाल वाले रास्ते से ऊपर आओ. बोलो, क्या सुना?" तुम्ही घ्यायचात तसं प्रत्येकाकडून परत वदवून घेतलं. पोकलेनवाला सगळ्यांत शेवटी वर आला, पाणी पिऊ लागला, आणि काठ खाली बसला. धूळ ओसरली तेव्हा पोकलेन दिसत नव्हती.

तेव्हा धारच्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं. स्टोव्ह भडकला आहे, पडद्यानं पेट घेतला आहे, आणि लहानगी मी बाहेर ओसरीवर आईच्या पाठीमागे उभी राहून विचारते आहे, "आई, रागावणार नाहीस ना? एक सांगू?" तुम्ही धावत आलात, पडदा ओढून अंगणात फेकलात आणि भाजलेला हात पाण्यात धरून माझ्यावर ओरडलात, "आधी आग सांगावी, मग परवानगी मागावी!" मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. गुणाची, हळू बोलणारी मुलगी म्हणून सगळे माझं कौतुक करायचे, आणि तुम्ही त्यावरच बोट ठेवलंत.

दुपारी पोकलेनवाला ऑफिसात आला. मला वाटलं, आभार मानेल. तो म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना, पर अपने यहाँ ऐसे नहीं बोलते. प्यार से भी बोल सकती थीं." मला हसूही आलं नाही. तुम्हालाही लोक तोंडाळच म्हणायचे. उद्या पुन्हा सगळ्यांना बसवून शिकवायचं आहे: जागा सांगा, काय करायचं ते सांगा, वाट सांगा, परत वदवून घ्या. सगळे माना डोलावतील आणि परवा वायरलेसवर पुन्हा चहाची चौकशी करतील. फार कंटाळा आला आहे हो या शिकवण्याचा.

तुम्ही गेलात तिथं हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून ठेवते. घरी सगळ्यांनी विचारलं, दिवस कसा गेला. मी म्हटलं, रोजच्यासारखा. बाबा, मला त्या काठावर जायची भीती वाटते.