तुमच्या भावाचा निळा झगा

वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून, कंबर धरली आहे तरी.) तुमचा गुडघा कसा आहे? घरातल्यांचा खोकला गेला का? आम्ही दोघं मजेत. वर्षभर बोलणं बंद असताना हिला आजच माझा गुडघा कसा आठवला, असं तुम्ही म्हणाल. सांगते, पण पत्र मध्येच फाडू नका.

ह्यांना झगे घालायला आवडतात हे तुम्हाला गेल्या वर्षी कळलं, मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. तुम्ही तोंड फिरवलंत, मी माप घेतलं. (शिवणकाम करणारी बायको शोधण्याइतकी अक्कल तुमच्या भावाला होती, एवढं तरी कबूल करा.) तीस वर्षं सगळं घरातल्या घरात, पडदे ओढून. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता मला असंच बाहेर जायचंय. मी म्हटलं, मग कापड तरी चांगलं आणू. गडद निळं आणलं, अंगावर छान पडणारं. खिसे दोन, कारण जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस खिशात पक्कड असल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही.

परवा सकाळी निघालो. जिन्यात शेजारीण भेटली. तिने ह्यांना वरून खाली, मग खालून वर पाहिलं आणि दूध आलं का विचारलं. आलं म्हटलं, विषय संपला. बसमध्ये मात्र एक गृहस्थ ह्यांच्या शेजारून ताडकन उठून गेले. (बरंच झालं, मला बसायला मिळालं.) दोन मुली चोरून फोटो काढायला लागल्या, तर हे केस नीट करायला लागले! बसमधून उतरलो आणि मोटरसायकलवरचा एकजण काहीतरी घाणेरडं ओरडून गेला. मी त्याच्या मागे छत्री उगारून धावले, ह्या वयात, ह्या कमरेने. हे म्हणाले, राहू दे गं. पण दोन्ही हात खिशात खुपसून भरभर पुढे चालायला लागले, वन्सं. मला रडूच आलं, रागाने.

तसेच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे आलेल्या सगळ्यांची नजर इतकी उत्तम कशी, देव जाणे. जो तो ह्यांच्या पायांकडे टक लावून. माझं डोकंच सटकलं. मधोमध उभी राहिले आणि सुनावलं : माणूस बघितला नाही का कधी? नवरा आहे माझा, कपडे मी शिवलेत, ज्याला बोलायचंय त्याने माझ्याशी बोलावं! मग एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "बाई, झगा झकास आहे, पण कच्चा टाका काढायचा राहिलाय."

खाली बघते तर काय! निळ्या कापडाच्या अख्ख्या घेराला पांढरा धावदोरा! दुसऱ्याच्या कामात उसवलेला एक टाका दिसला तर दोन दिवस बोलणारी मी, आणि ऐन दिवशी धांदलीत ही शोभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र पोट धरून हसले. आजींनी पर्समधून छोटी कात्री काढली, तिघीजणी खाली बसून दोरा ओढायला लागल्या, आणि हे मधोमध, मान ताठ ठेवून, सावकाश गोल फिरत होते. काहीजण नाकं मुरडून भिंतीकडे बघत बसले. बसू देत. इतका देखणा माणूस मी लग्नातही पाहिला नव्हता. (नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी तसाच झगा शिवायला टाकला, तेही जाता जाता सांगते.)

तात्पर्य, आता आम्हाला कुणाची भीती नाही. कुणाच्या हो-नाहीने आमचं काही अडत नाही, तुमच्याही नाही. लोभ अजून शिल्लक असेल असं धरून थांबते.

तुमची भावजय

ता.क. अडत नाही हे खोटं आहे. दर रविवारी फोनजवळ बसतात आणि स्वतः न्हाऊन आले की मला विचारतात, ताईचा फोन येऊन गेला का. अख्खा गाव परवडला त्यांना, पण ताईचा अबोला सोसत नाही.

आणखी एक. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. हे पत्र तुमच्याच जिन्यात, ह्यांच्या पाठीवर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. बेल वाजवायला ह्यांचा हात होत नाही आणि मला वाजवू देत नाहीत. पत्र दाराखालून सरकवते. रागवायचं तर माझ्यावर खुशाल रागवा, पण आधी त्यांना आत घ्या.